परीक्षानळीतलं पाणी

मी मूळची नांदेडची, गोदावरीकाठची. पाण्यासाठी ओळीत उभं राहावं लागतं हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊकच नव्हतं. नोकरी लागली ती अहमदपूरच्या पलीकडे, जळकोटच्या वाटेवरच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सातवीपर्यंतची शाळा, विज्ञान शिकवायला मी. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. कागदांवर जुन्याच जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं आणि मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, ते लाल शाईनं खोडून वर 'लातूर' लिहीत बसायचे. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, जिल्हा नवा मिळाला, तसा पाऊसही नवा मागवा की." ते मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमची जीभ आधी बदलीवर पाठवा." पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता, आणि चेष्टेला लोकांकडे अजून थोडीफार जागा होती.

सातवीला मूलद्रव्यांचा धडा आला. पोरं हायड्रोजन, हेलियम, लिथियम असं पाढ्यासारखं घोकून राहिली होती. मी विचारलं, "अरे, हेलियम म्हणजे काय रे?" तर एकजण उभा राहून म्हणाला, "बाई, हायड्रोजनच्या नंतरचं." माझं डोकंच फिरलं. पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना पटांगणात हाकललं. म्हटलं, वर बघू नका, डोळे जातील, पण तो वर जो आग ओकतोय ना, ज्याला तुम्ही रोज शिव्या देता, तो जवळजवळ सगळा ह्या हायड्रोजन-हेलियमचाच आहे. हेलियम तर माणसाला आधी सूर्यात सापडला आणि मग जमिनीवर. पोरं हसायला लागली. सूर्यावर कोण गेलं होतं बाई, शिडी लावून?

प्रश्न बरोबर होता. मग दुसऱ्या दिवशी मी स्टोव्ह घेऊन गेले. निळ्या जाळावर मीठ टाकलं, जाळ पिवळाधमक झाला. पिकावर फवारतात ते मोरचूद टाकलं, जाळ हिरवा झाला. म्हटलं, हे बघा, मिठातलं सोडियम जाळात गेलं की पिवळाच रंग देणार, मोरचुदातलं तांबं हिरवाच देणार. मग ते चुलीत जळो नाहीतर ताऱ्यात. उजेड इथवर येतो, त्यात कोण कोण जळतंय ते वाचता येतं. कुणाला जायला नको. एक पोरगी हळूच म्हणाली, "म्हंजी सूर्यावर मीठ बी हाय?" मी म्हटलं, मीठ नाही, सोडियम आहे. तिला ते लई पटलं.

ह्याच पोरीची ही हकिकत आहे. बौद्धवाड्यातली, अंगानं काडी, बोलणं मोजकं. बाप बांधकामावर हैदराबादेला गेलेला, आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला. पाणी भरायचं काम पोरीकडे. त्यामुळे ती दोन-दोन तास उशिरा यायची, ओल्या खांद्यानं, आणि आली की फळ्यावरचं सगळं दहा मिनिटांत उतरवून घ्यायची. आईनं मला रस्त्यात गाठून सांगितलं होतं, "बाई, दोन्ही जमत न्हाई. एक दिवस जरी पाणी चुकलं, तर शाळा बंद करणार म्या तिची." मला तिला सातवीच्या परीक्षेला बसवायचंच होतं. वर्गात अक्कल वाटली गेली तेव्हा ती पुढं उभी होती, आणि बाकीचे बरेचसे गैरहजर होते.

पाण्याची पद्धत अशी होती. गावाला एकच विहीर जिवंत, नदीच्या पात्रातली, तीही झऱ्यानं थेंब थेंब भरणारी. घागरी ओळीनं मांडलेल्या असायच्या, रात्रंदिवस. पुढची घागर भरली की मागची प्रत्येक घागर एक हात पुढं सरकवायची. सगळ्या बायकांनी तिथं बसून राहायचं कारण नव्हतं. शेजारीण शेजारणीची घागर सरकवायची. माझी घागर आमच्या घरमालकीण काकू सरकवायच्या. किराणा दुकानवाल्याच्या घरच्या त्या, आमच्यासारख्याच लिंगायत, म्हणून तर मला खोली मिळाली होती. मी सकाळी घागर लावून शाळेत जायची आणि दुपारी ती भरलेली दारात असायची. असंच चालतं, असं मी धरून चालले होते.

तर ताऱ्यांचं शिकवून राहिले होते मी. तारा ही भट्टी आहे, तिच्यात हायड्रोजन एकमेकांत शिजून हेलियम होतो, मोठ्या ताऱ्यात पुढं कोळशातला कार्बन होतो, लोखंड होतं. तारा फुटला की हे सगळं उधळतं आणि त्याचीच पुढं जमीन होते, नांगराचा फाळ होतो, तुमच्या रक्तातलं लोखंडही तिथलंच. पोरांना खेळ घातला. चार जणांनी हायड्रोजन व्हायचं, हातात हात घट्ट धरायचे आणि 'हेलियम' म्हणून ओरडायचं. ह्या पोरीच्या शेजारच्यानं तिचा हात धरला नाही. तुराटीची काडी उचलली, एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. मला वाटलं, पोरगा-पोरगी, लाजत असतील. मी हसून सोडून दिलं.

खेळ संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "बाई, सूर्यात हायड्रोजन हाय म्हन्ता. हवेत ऑक्सिजन हाय म्हन्ता. पाण्यात बी हेच दोघं म्हन्ता. मंग मिळून पाणी काऊन व्हत न्हाई?"

अगं माय! असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी म्हटलं, सूर्यात इतकं तापलंय की तिथं पाणी टिकायचं नाही. आणि इथला बहुतेक हायड्रोजन आधीच जळून गेलाय. पाणी ही हायड्रोजनची राख आहे, समज. आणि मग, चढलं ना मला, मी म्हटलं, "पण पाणी करता येतं. मी करून दाखवते."

अहमदपूरच्या एसटी स्टँडजवळ एक बॅटरीवाला होता, त्याच्याकडून थोडं तेजाब आणलं, पातळ केलं. टॉर्चचे जुने सेल फोडून त्यांचं जस्ताचं साल काढलं. मोठ्या गुरुजींनी कपाटाच्या किल्लीसाठी मला दोन दिवस तंगवलं, पण दिली. जस्त तेजाबात टाकल्याबरोबर फेस उसळला. वर कोरडीठणठणीत परीक्षानळी उपडी धरली, भरली असं वाटल्यावर तोंडाशी काडी नेली. फट्! पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मी नळी सगळ्यांच्या नाकापुढून फिरवली. आतून काचेला दव धरलं होतं, आणि दोन-तीन वेळा केल्यावर एक बारीकसा थेंब काचेवरून घसरला. मी म्हटलं, "हे पाणी. सूर्यात आहे तोच हायड्रोजन, आणि आपल्या हवेतला ऑक्सिजन. हे पाणी आपण केलं." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. छाती मात्र माझी फुगली होती, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात पंधरा-वीस बायका उभ्या. प्रत्येकीच्या काखेत एकेक कळशी.

मोठे गुरुजी पांढरेफटक. "बाई, काय करून ठेवलंत?" मला आधी काही कळेना. मग एक म्हातारी पुढं झाली. "लेकरं म्हनत्यात, तुमी पाणी करून राहिल्या. कोन्या नळाला येतंय ते दाखवा."

काय सांगू? मी आत जाऊन परीक्षानळी आणली. म्हातारीनं ती उन्हात धरली, एक डोळा बारीक करून आत बघितलं. "येवढं? ह्यानं चिमणीची चोच बी भिजायची न्हाई." मग बायकांकडे वळून म्हणाली, "चला गं. आडात न्हाई, ते बाईच्या नळीत कुठून येईल!" सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले, दुसरं करणार काय? त्या हसत हसत नदीकडे गेल्या. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. त्यांच्या मोठ्या घागरी ओळीतच होत्या, शेजारणी सरकवत होत्या.

एकटीच उभी राहिली, ती त्या पोरीची आई. पायांवर खडीची पांढरी धूळ, कळशी नाही, काखेत चांगली मोठी घागर. म्हणजे तिची ओळीतली घागरच.

"म्या नंबर सोडला, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "पोरगी म्हनली, माय, बाईनं पाणी केलं, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. ती कदी खोटं बोलत न्हाई. तिच्या शाळेचं म्या कदी काई ऐकलं न्हाई, काल पहिल्यांदा ऐकलं. घागर उचलली अन् आले." मी बोलायला तोंड उघडलं, तिनं बोलू दिलं नाही. "आता शेवटाला लागायचं. आजचं पाणी गेलं. उद्यापून ती येणार न्हाई. नाव कमी करा तिचं."

पोरगी वर्गाच्या दारात उभी होती. रडत नव्हती. आईच्या मागं निघून गेली, पाटी-दप्तर घेऊन. त्या दिवशी मी काय शिकवलं, देव जाणे.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. गावात येऊन दोन वर्षं होत आली होती, त्या वस्तीत मी पहिल्यांदा पाय ठेवला. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, आई भाकरी थापत होती. मी सरळ माफी मागितली. म्हटलं, चूक माझी, शिक्षा लेकराला कशाला? नाव कमी करू नका. घागर ओळीत लावा आणि पोरीला शाळेत पाठवा, सगळ्याजणी तसंच तर करतात.

आईचा हात भाकरीवर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं वेड्या माणसाकडे बघतात. "अन् घागर कोण सरकवणार, बाई?"

"म्हणजे? शेजारची..."

"आमच्या घागरीला कोण हात लावतंय? सरकवायला आपलं मानूस न्हाई, तर घागर हाय तिथंच ऱ्हाती, अन् ओळ बाजूनं पुढं जाती. म्हनून तर पोरीला बसवावं लागतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन वर्षं मी त्या विहिरीवर जात होते. माझी घागर त्या पोरीच्या घागरीला वळसा घालून पुढं जात होती, तिच्या डोळ्यांदेखत, आणि मी तिला उशीर झाला म्हणून रागावत होते. खेळातली ती तुराटीची काडी तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आली. मला माझीच लाज वाटली. शेवटी म्हटलं, "मी बघते. तुमची घागर माझ्या घागरीपुढं लावा. ती माझीच."

आई उठली, कोपऱ्यातल्या माठाची मान तिरकी केली, तळाचं उरलेलं पेल्यात ओतलं आणि पेला माझ्यापुढं धरला. "पाणी घ्या."

आता खरं सांगते. हे मी कुणाला सांगितलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. माझा हात पुढं झाला आणि मधेच थांबला. श्वासभरच. मनात काही विचार आला असंही नाही. नुसता हात थांबला, घरात लहानपणापासून थांबायला शिकलेला हात. आई बघत होती. पण पोरीनं आधी बघितलं. ती पटकन म्हणाली, "माय, बाईला तहान न्हाई."

मला वाचवायला म्हणाली ती. बारा वर्षांचं लेकरू, आणि माझी अब्रू झाकत होतं, त्यांच्या घरात, त्यांच्या शेवटच्या पाण्यापुढं.

मी म्हटलं, "आहे. लई तहान आहे." पेला घेतला आणि पूर्ण प्याले. गढूळ होतं, गोड होतं. रिकामा पेला आईच्या हातात दिला. ती एवढंच म्हणाली, "सकाळी बघू."

सकाळी मी उजाडायच्या आत नदीवर. ओळीच्या शेवटी त्यांची घागर, तिच्यामागं माझी. मी माझा नंबर सोडून मागं आले होते. आमच्या काकूंची घागरही माझ्यामागं आली, कारण दोघींच्या घागरी बरोबर असायच्या, तसं ठरलेलंच होतं. काकूंनी पुढं बघितलं, मग माझ्याकडे.

"ही कुणाची?"

"माझी. आजपासून माझ्या दोन."

"बाई, मला शिकवता? घागर वळखते मी."

"मग माझीच म्हणून वळखा. मी शाळेत गेले की जशी एक सरकवता, तशा दोन सरकवा."

काकूंनी तोंड फिरवलं. आजूबाजूच्या बायका आमच्याकडे बघत पोहरा ओढत होत्या. पुढची घागर भरली. ओळ हलली. मी वाकून पोरीची घागर एक हात पुढं सरकवली, मग माझी.  दुसरी भरली, मी सरकवली. तिसरी. ऊन वर आलं. पोरीची आई काठावर उभी होती, कामावर न जाता, पदर दातात धरून. पोरगी तिच्याजवळ. लांबून शाळेची घंटा ऐकू आली. मी जागची हलले नाही. माझ्या वर्गाची पोरं तिकडं एकमेकांच्या उरावर बसली असणार, मोठे गुरुजी बोंबलत असणार. पण मी गेले तर ती घागर तिथंच राहणार, आणि आई पोरीला त्या घागरीपाशी बसवणार, कायमची. हे मलाही कळत होतं, काकूंनाही.

काकू पुटपुटल्या, "सगळ्या गावाच्या लेकरांचं वाटोळं करून राहिल्या ह्या बाई." पुढची घागर भरली. ओळ हलली. ह्या वेळी मी वाकले नाही. हात बांधून उभी राहिले. पोरीच्या घागरीपुढं एक हात जागा रिकामी पडली. मागून एकजण ओरडली, "अगं सरकवा की!"

काकूंनी एक सुस्कारा सोडला. खाली वाकल्या. माझ्या घागरीला दोन्ही हात लावले आणि जोरात ढकललं. माझी घागर पोरीच्या घागरीला ठणकन धडकली आणि ती एक हात पुढं सरकली. काकूंचा हात काही तिला लागला नाही. पण घागर सरकली.

काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा आता. घंटा झाली."

काठावरून आई सगळं बघत होती. तिनं पदर सोडला, पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ओरडली, "अगं, हितं काय करून राहिली? शाळा भरली, पळ!"

पोरगी नदीच्या वाळूतून पळत सुटली. तिला शिकवणारी बाई अजून विहिरीवरच उभी होती, डोळे पुसत, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.